इमानालीच्या अंगणातला खुंट

२ ऑगस्ट

कोंगुर-सायच्या बायांनो! घोडीचं दूध काढताना ज्यांची बोटं सुजतात, त्या तुम्ही. बर्फात अडलेल्या घोडीजवळ बसून ज्या शिंगरू ओढून बाहेर काढतात, त्या तुम्ही. खोगिराखालचा नमदा लाटून लाटून ज्यांच्या कोपरांचं चामडं होतं, त्याही तुम्हीच. आणि तोच घोडा शर्यतीला निघाला की तुम्हाला काय सांगतात? "बाजूला हो. घोड्याचा दोर ओलांडू नकोस. बाईचा पाय दोरावरून गेला की घोड्याचं बळ जातं." आपल्या हातांनी आलेलं बळ आपल्याच पायांनी जातं, हा कुठला न्याय?

(इथे थांबायचं. टाळ्यांसाठी जागा.)

महिला मंडळाच्या सभेला अजून अवकाश आहे, पण सुरुवात आजच सापडली म्हणून लिहून ठेवली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, ग्रंथालयातली एकूण एक कपाटं वाचून संपवली, सभा गाजवल्या. पण इतकं तापलेलं डोकं घेऊन बऱ्याच वर्षांत घरी आले नव्हते.

कारण असं. इमानालीची मुलगी बुरुल शहरातलं शिवणकाम सोडून परत आली आहे. नवरा रशियात गेला तो तिकडचाच झाला. तिला बापाचा धंदा सुरू करायचा आहे: लोकांचे घोडे आपल्या अंगणात बांधून घ्यायचे, त्यांच्यावर मेहनत करायची आणि शर्यतीसाठी तयार करून परत द्यायचे. इमानालीचं नाव तीन खोऱ्यांत होतं. पण त्याने मुलीला एक शब्द शिकवला नाही, कारण मुलगी विद्या घेऊन परक्या घरी जाते. ती कुंपणावर बसून बघत राहिली, तेवढंच तिचं शिक्षण.

आज मशिदीमागच्या बाकावर म्हाताऱ्यांनी हा विषय काढला. बहुतेकांचं म्हणणं एकच, हे होऊ द्यायचं नाही. मग सगळ्यांत थोरला, म्हणून सगळ्यांचा आके, तो शार्शे आके बोलला. घोडे तयार करणाऱ्यांपैकी आता तोच एक जिवंत आहे. इमानाली मरेपर्यंत त्या दोघांत बोलणं नव्हतं. दोराच्या फासात उजव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून तो खाणंपिणं, बांधणं, सोडणं सगळं डाव्या हाताने करतो, आणि जीभ मात्र पूर्वीच्या उजव्या हाताइतकी चालते. म्हणाला, "एक घोडा, एक शर्यत. सप्टेंबरच्या जत्रेत रहवाल चालीची शर्यत आहे. घोडा छातीत बिघडला किंवा चाल मोडून उधळला, तर इमानालीच्या अंगणातला खुंट मी जाऊन उपटीन. नाही उधळला तर पुढचं पुढे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याच्यापुढे कोण बोलणार!

किती निर्दय माणूस! पुरुषाने दहा घोडे बिघडवले तरी त्याचा खुंट जागचा हलत नाही, आणि बाईला एकच घोडा. ज्या खुंटाला तिच्या बापाने आयुष्यभर घोडे बांधले, तो उपटायची धमकी. बिन खुंटाच्या अंगणात घोडा कोण आणून देणार तिला?

मी तिथल्या तिथे सांगितलं, "घोडा माझा घ्या."

४ ऑगस्ट

जीरेन दिला. माझा नवरा तोलोन गेल्यापासून तो मागच्या गोठ्यात नुसता उभा असतो. तांबूस रंगाचा, चालीला लोण्यासारखा. चालताना एका अंगाचे दोन्ही पाय एकदम उचलतो, हीच ती रहवाल चाल, म्हणून वर बसलेल्याच्या हातातला चहा सांडत नाही. तोलोन चेष्टेने म्हणायचा, "हा शर्यतीला निघाला की पाहुण्यांनी चहा पिऊन, वामकुक्षी काढून, मग बघायला यावं."

शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने जीरेनला बुरुलकडे पोचवलं. मी मागून गेले, कुंपणाबाहेर उभी राहिले.

"एजे, आत या की!" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती मला एजे म्हणते.

"इथून दिसतंय मला."

"घोडा तुमचा, आणि आणला दुसऱ्याने?"

"मला भाषणाची तयारी होती."

ती हसली. बुरुल हसते तेव्हा मागे झुकून, कमरेवर हात ठेवून, अख्खं खोरं आपलं असल्यासारखी हसते. मला ते फार आवडतं. आमच्या पिढीने हसतानाही डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं.

तिच्यासाठी मी फळी रंगवून नेली होती: "बाईच्या हातचा घोडा कुणाच्याही हातच्या घोड्याला भारी!" तिने ती दोनदा वाचली, माझे आभार मानले आणि दाणे भिजवायच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. फळी मापाची निघाली, हेही खरं.

७ ऑगस्ट

रोज सकाळचा चहा आता बुरुलच्या कुंपणाशी घेते. उजाडायच्या आधीच तिचा खरारा सुरू असतो. मानेपासून खालपर्यंत, मग पोट, मग मांड्या; तिचा हात कुठे थांबत नाही आणि कुठे घाई करत नाही. मी सेनापतींची चरित्रं वाचली आहेत. लढाईच्या सकाळी ते असेच शांत असत म्हणे.

शार्शे आके त्याच्या म्हाताऱ्या घोडीवर बसून कुंपणाजवळून गेला. थांबला. जीरेनकडे बघितलं आणि म्हणाला, "पोरी, हा घोडा की गोणी? पोट बघ त्याचं! हिरवं गवत चारून चारून गाभण केलास की काय गड्याला!"

मी तिथेच उत्तर देणार होते, पण तो पुढे निघूनही गेला. बुरुलने खरारा खाली ठेवला. नुसती घोड्याच्या पोटाकडे बघत राहिली.

प्रत्येक अपमान शब्दशः टिपून ठेवायचा असं ठरवलं आहे. सभेत पुरावा लागतो.

८ ऑगस्ट

बुरुलने हिरवा चारा बंद केला. जीरेन आता ऊन वर येईपर्यंत खुंटाला उपाशी उभा असतो, नंतर तोबऱ्यातून जव आणि मूठभर सुकं गवत. "अचानक हे कसं सुचलं?" मी विचारलं.

"सुचलं," ती म्हणाली.

उपजत बुद्धी म्हणतात ती हीच. बाप शिकवत नाही, गाव शिकवत नाही, आणि तरी हिच्या आतून झरा फुटतो.

११ ऑगस्ट

जीरेनच्या अंगावर नमद्याची जाड झूल टाकून, घाम निघावा म्हणून, बुरुल त्याला दरीच्या वाटेने हळूहळू लांब नेऊन आणते. आल्यावर झूल काढली तर अंगावर पांढरा फेस. नेमका तेव्हाच म्हातारा आला.

"वा! आंघोळीचा साबण बराच महाग लावलास ग!" आणि जाता जाता, "चाटून तरी बघ, जेवणात मीठ कमी पडलं तर उपयोगी येईल!"

माझ्या हातून चहा सांडला. एका बाईला, भर रस्त्यात, घोड्याचा घाम चाट म्हणायचं!

आणि बुरुलने काय करावं? म्हातारा वळणाआड गेल्यावर बोट घोड्याच्या मानेखाली फिरवलं आणि खरंच जिभेला लावलं. डोळे मिटून उभी राहिली. मी ओरडले, "बुरुल! अगं, तो हिणवत होता तुला!"

"अब्बा असंच करायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, गंमत करतात. एकदा बोलून गेले होते, घोडा तयार झाला की त्याचा घाम झऱ्याच्या पाण्यासारखा लागतो, चवच नसते त्याला. हा अजून खारट आहे, एजे. चिकट आणि खारट."

अपमान गिळून त्यातून काम काढायचं, हे धैर्य मी पुस्तकांत फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

१५ ऑगस्ट

आजचे अपमान दोन.

पहिला: "चाबूक एवढा हलवतेस, माश्या फार झाल्या का ग?"

दुसरा, ओढ्याजवळ, बुरुल पाय धूत असताना: "गारवा काय तुझ्याच पायांना लागतो? त्याचे चार आहेत म्हणून त्याला नको?"

संध्याकाळी बुरुल म्हणाली, "एजे, ते गेल्या आठवड्यात आणखी काय काय म्हणाले होते, वाचून दाखवता?" मी चष्मा लावून सगळं वाचलं, आवाजात योग्य तो कडवटपणा आणून. तिने काही वाक्यं पुन्हा वाचायला लावली. राग साठवते आहे पोरगी. साठव, म्हटलं. क्रांती अशीच साठत साठत येते.

(चाबूक आज तिने आतल्या खुंटीला टांगून टाकला. वापरत नाही. जीरेनला दोन्ही वेळा ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा करते. घोड्यालाही ते आवडतं, डोळे अर्धे मिटतो.)

१९ ऑगस्ट

अद्भुत इच्छाशक्ती! म्हातारा दोन दिवस दिसला नाही, आणि बुरुलने मनाशी ठरवून मेहनत दुप्पट केली. उन्हाचा तडाखा असताना सकाळीही झूल, दुपारीही झूल. मी कुंपणावरून म्हटलं, "शाब्बास! ज्यांना वाटतं बाई थकते, त्यांनी येऊन बघावं!" तिला हुरूप आला, तिने आणखी एक फेरी मारली.

२० ऑगस्ट

जीरेनने जव हुंगले आणि तोंड फिरवलं. दिवसभर पाण्यालाही शिवला नाही. लीद सैल, डोळ्यांवर झापड. बुरुल त्याच्या पोटाला कान लावून बसली होती, तिचं तोंड राखेसारखं. "मी बिघडवला, एजे. त्यांना पाहिजे होतं तेच मी केलं. खुंट गेला."

म्हातारा संध्याकाळी आला. मी तयारीत होते, आज काय बोलतो बघू. तो काहीच बोलला नाही. खूप वेळ घोड्याकडे बघत राहिला, थुंकला, आणि घोडी वळवून गेला. जिंकल्याचा आनंद बोलूनही दाखवला नाही त्याने. काही माणसांचा क्रूरपणा मुका असतो.

२१ ऑगस्ट

ह्याला म्हणतात बायकांची एकजूट!

पहाटे बुरुलच्या फाटकाशी गवताचं एक पोतं. वरच्या कुरणातलं, गेल्या साली कापून सावलीत सुकवलेलं, हात घातला तर रानपुदिन्याचा वास. सोबत फडक्यात कसल्याशा कडू मुळ्या. बुरुल म्हणाली, रुसलेल्या पोटाला याहून चांगलं काही नाही, पण असं गवत राखून ठेवणारं घर गावात एखादंच. मी म्हटलं, अगं, कुणीतरी बहीण आहे आपली, नवऱ्याच्या धाकाने नाव सांगत नाही. पोत्याची गाठसुद्धा बिचारीने किती घाईत मारली होती! उलटीच पडली होती, सगळे मारतात त्याच्या विरुद्ध अंगाने.

बुरुलने तो दोर फेकला नाही. बापाच्या खोगिराशेजारी खुंटीला अडकवला. बाईच्या मदतीची कदर बाईलाच असते.

२४ ऑगस्ट

जीरेन खातो आहे. बुरुल त्याला नुसती चालवते, झूल नाही, घाई नाही. आज ती गात होती. आवाज बेसूर आहे. मला दिवसभर पुरला.

२७ ऑगस्ट

सभा झाली. सांस्कृतिक भवन भरलं होतं, खिडक्यांतून पुरुषही बघत होते. मी दोराच्या अन्यायापासून सुरुवात केली. मग अपमान एकामागून एक वाचले. शार्शे आकेचं नाव घेऊन म्हटलं, ह्या माणसाच्या दाढीइतकी जुनी त्याची अक्कल आहे! मग गडी पेटला की थांबत नाही तसं झालं: "आणि जे तरुण बाईने तयार केलेल्या घोड्यावर बसून टाळ्या घेतात, त्यांनाही विचारा, तुमची मांडी पक्की की तिची मेहनत? बायकांच्या जिवावर उड्या मारणारे हे टोळ!"

टाळ्या थांबेनात. तीस वर्षांतलं सर्वांत चांगलं भाषण.

शार्शे आके मागच्या दाराशी उभा होता. संपल्यावर म्हणाला, "सगळं शब्दशः लिहून ठेवलंस ग तुर्दुकान! एकही शब्द गाळला नाहीस. चांगलं केलंस." असा चेहरा ठेवून म्हणाला की उपहास कुठे आहे तेच कळू नये. मुरलेला माणूस.

२८ ऑगस्ट

घात झाला. शर्यतीत जीरेनवर सागीन बसणार होता, हलक्या अंगाचा, खालच्या आळीतला. आज टोपी हातात घेऊन आला.

"बुरुल एजे, मला जमणार नाही."

"का रे? काल तर खोगीर मापून गेलास."

"जमणार नाही म्हणजे नाही. काल आई सभेला होती. घरी येऊन रडली. म्हणाली, माझा मुलगा टोळ आहे हे मला मास्तरीणबाईंकडून कळलं." माझ्याकडे न बघता बोलला आणि गेला.

ह्यामागे म्हाताऱ्याचा हात आहे, मला शंका नाही. माझ्याच शब्दांचं निमित्त केलं, किती कावा! मी बुरुलला तसं म्हटलं. तिने वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "एजे, चहा घ्या. गार होतोय." आणि मग, जणू चहाबद्दलच बोलते आहे, "मीच बसते घोड्यावर."

मी उठून तिला मिठी मारली. तिला घोड्याचा, जवाचा, धुराचा वास येत होता.

३१ ऑगस्ट

"पीठ मळायला बसलीस का ग घोड्यावर? सगळी पुढे पुढे!" कुंपणाबाहेरून.

आणि परत जाताना, "लगाम असा ओढतेस, बोकड पळवतेस की काय! त्याच्या तोंडात जीभ आहे, लोखंड नाही!"

मी ओरडले, "आके, ह्या वयात दुसरं काम नाही का तुम्हाला?"

"नाही ग," तो म्हणाला. "दुसरं काम मला कधी आलंच नाही."

बुरुल मागे सरून बसायला लागली आहे, लगाम दोन बोटांत सैल. खोगिरावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली तर सांडणार नाही असं दिसतं. सकाळी मैदानावरून ती आली तेव्हा सूर्य तिच्या मागे होता, घोड्याच्या टापा दिसत नव्हत्या, नुसती ती जमिनीवरून वाहत येत होती. मी भाषणांत फार उपमा वापरते. इथे एकही सुचली नाही.

६ सप्टेंबर

मी विचारलं, "घाम?"

"थोडं मीठ आहे अजून," ती म्हणाली.

१२ सप्टेंबर

जत्रा. अक्षर वाकडं येतं आहे, पण आजच लिहायला हवं.

पठारावर तंबू, धूर, तळलेल्या पिठाच्या बोरसोकचा वास, तीन खोऱ्यांतली माणसं. रहवाल चालीच्या शर्यतीला बुरुल एकटी बाई. रांगेत उभी राहिली तशी पुरुषांची तोंडं सुटली.

"अरे, शिवणयंत्र आलं!"

"टाके नीट घाल ग, उसवतील!"

बुरुल खोगिरावरूनच वळली. "आधी तुझी विजार शिवते दादा, मागून पार उसवली आहे!" तो बिचारा खरंच मागे हात लावून बघायला गेला. हशा असा उठला की पंचांना शिट्टी दोनदा वाजवावी लागली.

निघाले. पठाराला मोठा वळसा घालून परत यायचं. धुळीत मला काही दिसेना. आम्ही बायका दोरीच्या ह्या बाजूला, मी सर्वांत पुढे. पहिल्या वळणावर दोघांचे घोडे चाल मोडून चौखूर उधळले, पंचांनी झेंडा दाखवून त्यांना बाद केलं. बुरुल मध्येच कुठेतरी. मग ती एकेकाला मागे टाकत यायला लागली. घाई नाही. मागचे सगळे हात-पाय मारत होते आणि ही घरी निघाल्यासारखी.

शेवटच्या सरळ वाटेवर तिच्यापुढे तिघंच उरले. मला राहवलं नाही. मी ओरडले, "मार! पळव त्याला! मार!" सगळ्या बायका ओरडायला लागल्या, "मार! मार!" जीरेनचे कान आमच्याकडे वळले. मान वर गेली. मी पाहिलं, त्याचा पुढचा पाय एक क्षण अडखळला, आता चाल मोडणार, आता उधळणार, आणि त्या एका क्षणात मला खुंट दिसला, अंगणातला, उपटलेला, आणि त्याच्या जागी खड्डा.

मी तोंडावर हात दाबला.

बुरुलने मारलं नाही. मारायला चाबूकच नव्हता. ती मागे सरली, लगाम सैल सोडला आणि काहीतरी पुटपुटली. घोड्याची मान खाली आली. दोन्ही पाय पुन्हा एकदम. लोणी.

चौथी आली. बक्षीस पहिल्या तिघांना असतं. मला त्या तिघांची नावंही आठवत नाहीत.

म्हातारे घोडा तपासायला आले, सर्वांत पुढे शार्शे आके. गर्दी जमली. त्याने जीरेनच्या छातीला कान लावला, पायांवरून डावा हात फिरवला. मग खोगिराखाली हात घातला, घामाने भिजलेलं बोट बाहेर काढलं आणि जिभेला लावलं.

"बेचव," तो म्हणाला.

एवढंच! एवढ्या मेहनतीला एक शब्द, आणि तोही असा! माझ्याने राहवलं नाही. "सगळं आयुष्य दुसऱ्याचं बेचव म्हणण्यात गेलं तुमचं! एक चांगला शब्द तोंडातून निघत नाही?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "तुर्दुकान, शाळेत पोरं पण तुझं असंच ऐकायची का ग? ओरडत ओरडत?"

लोक हसले. मी बुरुलकडे पाहिलं. तिने तोंड घोड्याच्या आयाळीत खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. त्या शब्दाने पोरीचं काळीज फाटलं असणार.

मग बाकावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं, "मग आके, खुंटाचं काय? पहिल्या तिघांत तर आली नाही."

"पहिल्या तिघांत यायचं कुणी ठरवलं होतं?" शार्शे आके म्हणाला. "आणि तो खुंट पहाडी लाकडाचा आहे. इमानालीने आणि मी मिळून पुरला तो, खाली दगड घालून. ह्या वयात मला तो उपटायचा नाही. तुझ्यात दम असेल तर जा, उपट."

कुणी गेलं नाही.

माघार घेतली! शब्दांची आडवाट काढून का होईना, घेतली. लोकमताचा रेटा शेवटी दगडालाही हलवतो, आणि ते लोकमत सांस्कृतिक भवनात तयार झालं होतं, हे मी नम्रपणे नोंदवते.

१३ सप्टेंबर

सकाळी बुरुलकडे गेले तर खुंटाला जीरेनशेजारी दुसरं जनावर. राखाडी रंगाची तरणी घोडी, नाकपुड्या थरथरणाऱ्या, अजून खोगीर न पाहिलेली. शार्शे आकेच्या घरची! त्याने स्वतः वाढवलेली, आजवर मुलांना-नातवांनाही हात लावू दिला नव्हता. सोबत माणूस नाही, निरोप नाही. उजाडायच्या आत कुणीतरी आणून बांधून गेलं होतं.

गाठ पाहिली. उलटी, त्या पोत्यासारखीच. म्हणजे म्हाताऱ्यालाही कुणी पाहील याची धास्ती होती! भीतीची गाठ सगळ्यांची सारखीच पडते, हे वाक्य भाषणात वापरण्याजोगं आहे.

बुरुल उंबऱ्यावर बसून एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मी म्हटलं, "बघ, शरण आला शेवटी. आता सभेत त्याला सोडत नाही मी."

ती उठून माझ्याजवळ आली. "एजे, एक मागू?"

"माग."

"सभेत त्यांचं नाव घेऊ नका. चांगलं नाही, वाईट नाही. काहीच."

"का ग?"

"मी मागते म्हणून."

का ते मला कळलं नाही. पण त्या पोरीने दीड महिन्यात माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. घरी येऊन भाषणातली ती सगळी वाक्यं खोडली. चांगली होती.

"आणि आणखी एक," ती म्हणाली होती. "जीरेनला आज तुम्ही न्या घरी. ट्रॅक्टरवाला नाही."

तिने दोर माझ्या हातात दिला. चाळीस वर्षांपूर्वी मी घोड्यावरून पडले होते. त्यानंतर मी घोड्यांविषयी बोलले पुष्कळ, पण दोर कधी हातात धरला नाही. सगळ्या गावातून मी त्याला नेला. म्हणजे तोच मला नेत होता, खरं तर. शाळेच्या कोपऱ्यावर दोर हातातून सुटला, जमिनीवर पडला, घाईने वाकताना माझा पाय त्याच्यावरून गेला. मी थबकले. जीरेनही थांबला. मानेवर त्याचा गरम श्वास आला. मग तो तसाच चालू लागला, दोन्ही पाय एकदम, बळ होतं तितकंच.

१५ सप्टेंबर

शनिवारच्या सभेचा शेवट हा असा:

बायांनो, मी तुम्हाला आज रागवायला सांगत नाही. राग तुमच्याकडे पुष्कळ आहे, माझ्याकडेही होता. टाळ्या वाजवू नका, टाळ्यांनी घोडा दचकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इमानालीच्या अंगणात एक खुंट आहे. तो उपटला गेला नाही. त्याला आज एक घोडी बांधलेली आहे. एका घोडीवर धंदा चालत नाही, आणि रिकामा खुंट पुढच्या वर्षी कुणीही उपटील.

मी माझा जीरेन पुन्हा घेऊन येते आहे, चालत, स्वतः. तुम्हीही या. उद्या रविवारी, ऊन यायच्या आत. नवऱ्याला पाठवू नका, मुलाला पाठवू नका. आपल्या घरचा एक घोडा आपल्या हाताने धरून बुरुलच्या अंगणात आणा आणि त्या खुंटाला बांधा. दोर पायात आला तर ओलांडा. गाठ कोणत्याही हाताने मारा. पण मारा.